वाचक विचारतात : देव गेला, 'वगैरे वगैरे' उरलं

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते की आधुनिकतावादी (मॉडर्निस्ट) लेखकांनी, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुने साचे मोडणाऱ्या जॉइस, वुल्फ वगैरे मंडळींनी, देव सोडला पण देवघर काही सोडलं नाही. त्यावर पत्रांचा ढीग आला. काहींना पटलं, काहींना राग आला, एकाने तर फक्त 'म्हणजे काय?' एवढंच लिहून पाठवलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सात पत्रं घेतलीयत, थोडी कापलीयत, आणि नावं नेहमीप्रमाणे देत नाही.

प्रश्न : ताई, आम्हाला एमएला मॉडर्निझम आहे. सर सांगतात हे सगळे धर्म नाकारणारे लोक. पण 'युलिसिस' उघडलं तर पहिल्याच पानावर लॅटिन प्रार्थना! मग नाकारलं ते काय? आणि ते 'एगनबाइट ऑफ इनविट' सारखं सारखं येतं ते पण सांगा प्लीज, गाइडमध्ये नुसतं 'पश्चात्ताप' दिलंय.

उत्तर : तुमचे सर चुकीचं नाही सांगत, अर्ध्यावर थांबतायत. जेम्स जॉइसच्या या कादंबरीचं पहिलं पान बघू. बक मलिगन हा मेडिकलचा पोरगा टॉवरच्या जिन्यातून वर येतो, हातात दाढीच्या फेसाचं भांडं, त्यावर आरसा आणि वस्तरा एकमेकांवर आडवे ठेवलेले, म्हणजे झाला क्रूस, अंगात पिवळा गाऊन, पट्टा न बांधलेला, वाऱ्याने मागे उडतोय, आणि भांडं वर उचलून तो जे म्हणतो ती मासची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेची, सुरुवात आहे, 'मी देवाच्या वेदीपाशी जाईन'. सरळ सरळ टिंगल. पण टिंगल जमायला सुद्धा मासचं एकेक पाऊल पाठ असावं लागतं. ज्याला धर्माचं काही देणंघेणंच नाही त्याला हे सुचणारच नाही, तो आपला दाढी करून नाश्त्याला बसेल.

आता स्टीफन, मलिगनबरोबर त्या टॉवरमध्ये राहणारा तरुण. त्याची आई मरताना त्याला म्हणाली गुडघे टेक, माझ्यासाठी प्रार्थना कर, आणि त्याने नाही केलं. मलिगन त्याला तेच सुनावतो, की अरे मी पण काही मानत नाही, पण मरणारी आई एवढं मागतेय तर टेकायचे ना गुडघे, तुझं काय गेलं असतं? आणि खरंच, काय गेलं असतं? ज्याचा विश्वास उडालाय त्याच्यासाठी ती दोन मिनिटांची कवायत, एवढंच. पण स्टीफनला ते जमत नाही, कारण प्रार्थना खोटी करणं हे त्याच्या लेखी अजूनही भयंकर आहे. जॉइसच्या आधीच्या, १९१६ मध्ये आलेल्या कादंबरीत हाच स्टीफन मित्राला साधारण हेच सांगतो, की ज्या प्रतीकामागे वीस शतकांचा अधिकार आणि आदर उभा आहे त्याला खोटा नमस्कार केला तर माझ्या आत्म्यात एक रासायनिक क्रिया सुरू होईल, तिची मला भीती वाटते. हे काय नास्तिकाचं बोलणं आहे? हा जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांच्या, शाळेत घडलेला मुलगा आहे, जॉइस स्वतः तसाच होता, आणि मलिगन त्याला म्हणतोच की तुझ्यात जेझुइटांचा तो अंश आहे, फक्त उलट्या बाजूने टोचलाय.

इथे एक गंमत, खरं तर गंमत नाही. जॉइसची आई ऑगस्ट १९०३ मध्ये गेली. शेवटच्या वेळी ती बेशुद्ध होती, घरचे गुडघे टेकून प्रार्थना करत होते, मामाने या दोघा भावांना पण टेका म्हणून सांगितलं आणि जेम्स नि स्टॅनिस्लॉस दोघंही टेकले नाहीत. म्हणजे मागणी मामाची होती, आईने तसं काही मागितलं नव्हतं. कादंबरी लिहिताना जॉइसने मामाला बाजूला केलं आणि ती मागणी आईच्या तोंडी घातली. स्वतःच्या अपराधाचं ओझं त्याने मुद्दाम वाढवून घेतलं. लोक सहसा कादंबरीत स्वतःला सोडवतात, याने अडकवलं.

आणि तुमचं 'एगनबाइट'. १३४० मध्ये केंटमधल्या एका साधूने पापपुण्यावरचं एक फ्रेंच पुस्तक आपल्या बोलीत आणलं, त्याचं हे नाव. 'एगनबाइट' म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलेला चावा, 'इनविट' म्हणजे आतली जाणीव. गाइडवाल्याने पश्चात्ताप लिहिलं पण आपल्याकडे त्याहून नेमका शब्द रोजच्या वापरात आहे, आपण म्हणतो ना 'मन खातंय', अगदी ते. देव न मानणाऱ्या माणसाचं मन खातंय आणि त्या खाण्याला नाव द्यायला त्याला मिळतं ते एका मठातल्या पुस्तकाचं. परीक्षेत हे एवढं लिहिलंत तरी पुरे.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे, वय ३४, देव मानत नाही. कोणी विचारलं की मग चांगलं का वागायचं, तर मला उत्तर येत नाही. फिलॉसॉफीची दोन-तीन पुस्तकं वाचून बघितली, डोकं दुखलं. तुम्ही म्हणता कादंबऱ्यांमध्ये याचा विचार झालाय. नक्की कुठल्या पानावर?

उत्तर : पान नंबर सांगते पण आधी एका बापाची गोष्ट ऐका. लेस्ली स्टीफन, इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फचे वडील. घराणं कसलं, तर आजोबा गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या कट्टर धार्मिक मंडळींतले, वडिलांनी १८३३ चा गुलामगिरी रद्द करणारा कायदा लिहून दिलेला. म्हणजे या घरात देव आणि न्याय एकाच ताटात जेवत होते. लेस्ली स्वतः केंब्रिजला शिकवायचे आणि त्यासाठी रीतसर पाद्री झालेले. मग श्रद्धा गेली. नोकरी सोडली, आणि पुढे १८७५ मध्ये पाद्रीपणाचा कागदोपत्री राजीनामा दिला, रात्री घरी बोलवून सही करायला साक्षीदार कोण घेतला तर थॉमस हार्डी, कादंबरीकार! (हा सीन कोणीतरी नाटकात घ्यायला पाहिजे.)

तर १८६५ मध्ये या माणसाने लिहून ठेवलंय की थोडक्यात सांगायचं तर आता माझा कशावरच विश्वास नाही, पण म्हणून नीतीवरचा विश्वास तसूभर कमी झालेला नाही, वगैरे वगैरे. खरंच तसंच आहे, 'वगैरे वगैरे'. आणि पुढे, जमलं तर सभ्य गृहस्थासारखं जगायचं नि मरायचं आहे. मला हे वाक्य वाचून नेहमी हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. देवाचा हिशेब एका वाक्यात संपवला, नीतीपाशी आल्यावर मात्र वगैरे! तुमचा प्रॉब्लेम तोच आहे. तुमच्याकडेही ते वगैरेच आहे, ते उलगडून सांगता येत नाहीये. नंतर त्यांनी १८८२ मध्ये नीतिशास्त्रावर अख्खा जाड ग्रंथ लिहिला, पण तो वाचून तुमचं डोकं पुन्हा दुखेल.

त्यांची बायको ज्युलिया. तिचा पहिला नवरा तरुणपणी वारला, त्यात तिची श्रद्धा संपली. मग ती काय करायला लागली, तर आजारी माणसांची सेवा, नात्यातल्या आणि नात्याबाहेरच्या. १८८३ मध्ये तिने रुग्णसेवेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तिने अंथरुणात पडणाऱ्या पावाच्या चुऱ्याबद्दल लिहिलंय, की आजारपणातल्या बारीकसारीक पीडांमध्ये आकाराने सगळ्यात लहान आणि त्रासाने सगळ्यात मोठी पीडा म्हणजे हा चुरा. तो का येतो, कसा काढायचा, काढला तरी कसा राहतो, सगळं इतकं सिरियसली की हसावं की रडावं कळत नाही. नवऱ्याच्या त्या जाड ग्रंथापेक्षा मला हा चुरा जास्त पटतो. कोणाच्या पाठीला काय टोचतंय हे दुसऱ्याला कळणं आणि त्याने उठून ते झटकणं. त्यासाठी स्वर्ग-नरक मध्ये आणावा लागत नाही.

आता त्यांच्या मुलीची, व्हर्जिनियाची, कादंबरी. 'टू द लाइटहाउस', १९२७, पहिल्या भागातलं अकरावं प्रकरण. मिसेस रॅमझी मुलं झोपल्यावर एकटी बसलीय, दीपगृहाचा झोत येतोय जातोय, तिसरा लांबलचक झोत तिला आपला वाटतो. त्या तंद्रीत तिच्या तोंडून निघतं, 'आपण सगळे प्रभूच्या हातात आहोत'. आणि लगेच ती स्वतःवर चिडते. कोण बोललं हे? मी नाही. मला फसवून माझ्याकडून वदवून घेतलं. कुठला प्रभू असलं जग बनवेल? जगात कारण, व्यवस्था, न्याय नाही, दुःख आहे, मरण आहे, गरीब माणसं आहेत, हे तिला डोक्याने कायम माहितीय. धर्माचा वारसा म्हणजे काय हे मला या एका झटक्यात कळलं. ते वाक्य तिचं नाहीच, ते घरातल्या जुन्या हवेसारखं तिच्यात साठलंय आणि बेसावध क्षणी बाहेर आलंय. तुम्हाला पण ठेच लागल्यावर तोंडातून देवाचं नाव येत असणारच, आणि मग ओशाळायला होत असेल.

पण तिचे हात काय करतायत ते बघा, कारण उत्तर तिथे आहे. ती मोजा विणतेय. दीपगृहावरच्या माणसाच्या छोट्या मुलाला कमरेच्या सांध्याचा क्षय होण्याची भीती आहे, त्याच्यासाठी. आधीच्या एका प्रसंगात ती तो मोजा आपल्या मुलाच्या पायाला लावून बघते, मुलगा चुळबुळ करतो, ती ओरडते, उभा राहा नीट, आणि मोजा आखूड निघतो. बराच आखूड. आणि पहिल्या भागाच्या शेवटी ती स्वतःच म्हणते, नाही, पुरा नाही होणार हा आज. वुल्फबाई किती प्रामाणिक बघा, पूर्ण झालेला सुंदर मोजा दाखवून टाळ्या घेत नाहीत.

दहा वर्षांनी, ती बाई मेल्यावर, तिचा म्हातारा नवरा मुलांना घेऊन शेवटी त्या दीपगृहावर जातो. होडीच्या टोकाला ताठ उभा राहतो, आणि त्याच्या मुलाला वाटतं की हा जणू 'देव नाहीये' असं सांगतोय. आणि मग म्हातारा खडकावर उडी मारतो तेव्हा त्याच्या हातात दीपगृहावरच्या लोकांसाठी आणलेलं पार्सल असतं. एकाच वाक्यात, देव नाहीये आणि हातात पार्सल. तुम्हाला कोणी विचारलं ना, तर हे सांगा. वादात जिंकणार नाही तुम्ही, पण निदान वगैरे वगैरे म्हणावं लागणार नाही.

(एक तक्रार माझीही आहे. मिसेस रॅमझीच्या चांगुलपणात मालकिणीचा तोरा आहे, सगळ्यांची लग्नं जुळवायची खोड आहे, आणि मागे घर सांभाळणाऱ्या बायका राबतायत. लेस्लीसाहेबांचं 'सभ्य गृहस्थासारखं' पण वर्गाचंच बोलणं. देव काढला की नीती कुठेतरी टेकवावी लागते, आणि बऱ्याचदा ती आपल्या वर्गाच्या भिंतीला टेकते.)

प्रश्न : हे सगळं उसनं आहे मॅडम. दया, प्रेम, क्षमा, सगळं धर्माने हजारो वर्षं रुजवलं, आणि ही मंडळी आयतं फळ तोडून वर म्हणणार झाड नको. याला चोरी म्हणतात. तुमच्या लेखकांनी याला कधी उत्तर दिलंय का?

उत्तर : तुम्ही रागाने लिहिलंय पण मुद्दा भक्कम आहे, आणि विचित्र म्हणजे तुमच्या बाजूने उभा आहे तो जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे, स्वतः पाद्र्याचा मुलगा. १८८९ मध्ये आलेल्या पुस्तकात त्याने जॉर्ज एलियट या इंग्रज कादंबरीकार बाईला धरून हेच झोडलंय, की या इंग्रजांनी ख्रिस्ती देव टाकला आणि म्हणून ख्रिस्ती नीतीला जास्तच घट्ट धरून बसलेत, पण ती अख्खी एक रचना आहे, मधला खांब काढलात तर बाकीचं हातात राहत नाही. फरक एवढाच की तुम्ही म्हणता म्हणून देव ठेवा, तो म्हणतो म्हणून नीती पण टाका.

जॉर्ज एलियटबद्दल एक सांगते. तिने जानेवारी १८४२ मध्ये चर्चला जाणं बंद केलं, वडील भयंकर चिडले, घर मोडायची वेळ आली, आणि काही महिन्यांनी तडजोड झाली की ती वडिलांबरोबर चर्चला जाईल, बसेल, मनात काय विचार करायचा तो तिचा. म्हणजे स्टीफनने जे केलं नाही ते हिने केलं. यातलं नैतिक कोणतं? मला खरंच ठरवता येत नाही, वयाप्रमाणे बदलतं माझं मत.

उत्तराचं म्हणाल तर कादंबरीकार वाद घालत नाहीत, माणूस उभा करतात. 'युलिसिस'मधला ब्लूम घ्या. बाप ज्यू, याचा बाप्तिस्मा एकदा नाही तीनदा झालेला, आणि धर्माचं ज्ञान इतकं अगाध की चर्चमध्ये बसून क्रूसावरच्या आयएनआरआय या अक्षरांचा अर्थ लावतो 'लोखंडी खिळे आत गेले' असा. पण १६ जून १९०४ या एका दिवसात तो करतो काय बघा. मेलेल्या ओळखीच्याच्या पोरांसाठी पाच शिलिंग लिहितो आणि, लोक चाट पडतात, खरंच जागेवर देतो. बाळंतपणात अडलेल्या बाईची चौकशी करायला हॉस्पिटलला जातो. रस्त्यात एक आंधळा पोरगा काठी टेकत उभा दिसतो, ब्लूम त्याला विचारतो पलीकडे जायचंय का, कोपराला हलकेच हात लावतो, आणि मनात म्हणतो काहीतरी बोलावं याच्याशी, पण कीव केल्यासारखं नको वाटायला. तेवढी एक ओळ. कीव केल्यासारखं नको वाटायला. दया हा उसना माल असेल तर असो, पण दयेतला हा संकोच मला तरी कुठल्या प्रवचनात ऐकल्याचं आठवत नाही.

मग पबमध्ये ज्यूंवरून त्याला टोचतात तेव्हा तो म्हणतो की बळ, द्वेष, इतिहास, याचा काही उपयोग नाही, माणसांचं जगणं हे नव्हे, जगणं म्हणजे याच्या अगदी उलटं. कोणीतरी विचारतं, काय? तो म्हणतो, प्रेम, म्हणजे द्वेषाच्या उलट जे असतं ते. आणि पुढच्याच श्वासात, निघतो मी आता. हे वाक्य म्हणून झाल्यावर तो तिथे थांबत नाही हे किती चांगलंय! पण जॉइस त्याला तरी सोडतो का, लगेच पबवाले खिदळतात, नवीन प्रेषित आला म्हणतात, आणि शेवटी बिस्किटाचा डबा फेकून मारतात तेव्हा ब्लूम घोडागाडीतून पळतो त्याचं वर्णन एलिया संदेष्टा स्वर्गात चढतोय अशा बायबलच्या थाटात केलंय. म्हणजे तुमचा आरोप जॉइसने आधीच कादंबरीत घालून ठेवलाय, की हा धर्माशिवाय चांगलं वागणारा माणूस बोलायला लागला की आम्हाला त्याच्यासाठी शब्द सापडतात ते प्रेषिताचेच. चोर वस्तू लपवतो. हे लोक दुकानाच्या काचेत मांडून बसलेत.

प्रश्न : मी संस्कृत शिकवत असे. टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'मध्ये बृहदारण्यकातला 'द द द' आहे, पण क्रम चुकलेला आहे. याकडे कोणी का लक्ष देत नाही? आणि जो कवी पुढे धर्माकडे परतला तो आधुनिकतावादी कसा?

उत्तर : सर, लक्ष दिलेलं आहे, पण तुमची चिडचिड रास्त आहे. बाकीच्यांसाठी सांगते. उपनिषदात प्रजापतीकडे देव, माणसं आणि असुर तिघं शिकायला राहतात, शेवटी उपदेश मागतात, तो प्रत्येकाला एकच अक्षर देतो, 'द'. देवांनी ऐकलं 'दाम्यत', स्वतःला आवरा. माणसांनी ऐकलं 'दत्त', द्या. असुरांनी ऐकलं 'दयध्वम्', दया करा. ज्याच्यात जे कमी त्याला ते ऐकू आलं, आणि ढग अजून तेच गडगडतो. एलियट हार्वर्डला संस्कृत शिकलेला होता, त्यामुळे क्रम त्याला माहीत नव्हता असं मी मानत नाही (टिपेत आकडा मात्र ५.२ ऐवजी ५.१ दिलाय, ते तुम्हाला आणखी खटकलं असेल). त्याने 'दत्त' पहिलं आणलं, माणसांचं. माझा अंदाज असा की त्याच्या कवितेत देव आणि असुर उरलेलेच नाहीत, तिन्ही 'द' एकाच माणसाला ऐकायचेत, मग सुरुवात माणसाच्या अक्षराने. आणि तिन्ही वेळा उत्तर पडेल येतं. द्या, तर आम्ही दिलं काय? दया करा, तर प्रत्येकजण आपापल्या कोठडीत, दाराची किल्ली फिरल्याचा आवाज ऐकत बसलेला. आवरा, तर तुझं मन साथ देऊ शकलं असतं, 'असतं' हे महत्त्वाचं. आदेश जुना आहे, पाळता कोणालाच येत नाहीये.

१९२७ च्या जूनमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढच्या फेब्रुवारीत वुल्फने बहिणीला पत्र लिहिलं की बिचारा टॉम एलियट, आजपासून आपल्यासाठी मेलाच म्हणायचा, जिवंत माणूस शेकोटीपाशी बसून देवावर विश्वास ठेवतो यात काहीतरी अश्लील आहे! याच बाईने १९२३ मध्ये घरच्या प्रेसवर त्याच्या कवितेचे टाइप स्वतःच्या हाताने जुळवले होते. आधुनिकतावाद म्हणजे नास्तिकांचा क्लब नव्हता हो. जुनं सगळं तुटलंय हे दोघांनाही दिसत होतं, एकाने तुकड्यांतून वाट काढून चर्च गाठलं, दुसरी बाहेरच बसली.

प्रश्न : मी ५५ वर्षांचा. धर्म पाळतो तो सवयीने, खरं सांगायचं तर आत काही नसतं. मुलगी म्हणते बाबा तुम्हीच मानत नाही तर मला कशाला सांगता. मी गप्प बसलो. लेखक लोकांच्या घरी असं व्हायचं का?

उत्तर : व्हायचं, आणि एकाने त्यावर बापाला पत्र लिहिलंय, ज्यू घरातल्या काफ्का या लेखकाने, १९१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ते पोचलं नाही, त्याने ते आईकडे दिलं आणि आईने परत केलं. त्यात तो म्हणतो की तुम्ही खेड्यातून येताना थोडासा धर्म बरोबर आणला होता, मुळात थोडाच, शहरात नि सैन्यात तो आणखी झिजला, तरी तुमच्यापुरता पुरला कारण त्यामागे तुमच्या लहानपणाच्या आठवणी होत्या. पण माझ्यापर्यंत पोचवताना तो वाटेतच गळून गेला. वर्षातून चार दिवस देवळात जायचं, मी तिथे तासन् तास जांभया देत बसायचो, आणि तुम्ही मला रागवायचात की या रिकामपणाला मी मान का देत नाही.

पण याच्या पुढचं बघा. तरुणपणी त्याला यिद्दिश (ज्यूंची एक भाषा) नाटकवाल्या एका नटाची मैत्री लागली, त्या लोकांत त्याला जिवंत असं काहीतरी दिसलं, तर बाप म्हणाला, कुत्र्यांबरोबर झोपशील तर पिसवा घेऊन उठशील. म्हणजे मुलाने धर्माकडे पाठ फिरवली तरी राग, आणि स्वतःच्या वाटेने जवळ गेला तरी किळस. तुम्ही गप्प बसलात हे मला आवडलं. मुलीला एवढं सांगून बघा की हो, आत काही नसतं, पण माझ्या आईबरोबर करायचो त्याची आठवण असते. काफ्काने पण वडिलांच्या बाजूने तेवढंच खरं मानलं होतं.

प्रश्न : सगळे युरोपवालेच का? मराठीत कोणी नाही का हो?

उत्तर : आहेत ना, आणि मी मुद्दाम मागे ठेवलेत कारण त्यांच्यावर एक अख्खा अंक पाहिजे. मर्ढेकर 'सकाळी उठोनि चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी वीज-गाडी' लिहितात तेव्हा चाल संतांची आहे, उपदेशाचा सूरही तोच, फक्त उपदेश करायला वर काही राहिलेलं नाही, लोकल पकडा एवढंच. मलिगनच्या फेसाच्या भांड्याचं हे भावंड. पण तेच मर्ढेकर 'भंगू दे काठिन्य माझे' म्हणतात तेव्हा टिंगल पार गायब, ती खरीखुरी प्रार्थना आहे.

आणि कोलटकरांची 'जेजुरी', १९७६ ची, इंग्रजीतली. त्यात एक छोटीशी कविता आहे, मकरंद म्हणून. शर्ट काढून आत पूजेला? नको बुवा, तू जा, तुला जायचं तर. जाण्याआधी काडेपेटी तेवढी दे, मी अंगणात असेन, तिथे सिगरेट ओढली तर कोणाची हरकत नसेल. बस. स्टीफनच्या गुडघ्यांशेजारी ठेवून वाचा. तिकडे गुडघे टेकले नाहीत म्हणून शेकडो पानं मन खातंय, इकडे काडेपेटी. पण हा मकरंद बाहेर थांबलाय, निघून गेलेला नाही, हे पण बघा.

प्रश्न : कुठून सुरुवात करू? 'युलिसिस' तीनदा सोडलंय.

उत्तर : पहिली तीन प्रकरणं सोडा, चौथ्यापासून वाचा. कोणाला सांगू नका मी सांगितलं. तिथे ब्लूम सकाळी स्वयंपाकघरात आहे, बायकोचा चहा-पाव तयार करतोय आणि मांजर पायात घुटमळतंय. ते मांजर 'म्याव' म्हणत नाही, जॉइसने कान देऊन ऐकून काहीतरी 'म्क्ग्नाव' असं लिहिलंय, आणि भूक वाढते तसं त्यात अक्षरं वाढत जातात. ब्लूम खाली वाकून तिच्याकडे बघतो आणि त्याला प्रश्न पडतो की हिला मी केवढा दिसत असेन, टॉवरएवढा? मग म्हणतो नाही, ही माझ्यावरून उडी मारू शकते. आणि बशीत दूध ओततो.